एक लिटरचा कॉम्प्युटर

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा उभा डबा, ज्याला आपल्याकडे सगळे 'सीपीयू'च म्हणतात, एकदा उघडून बघा. आत बहुतेक हवा भरलेली असते. एका टोकाला वीजपुरवठ्याची पेटी, एका भिंतीला चिकटलेला बोर्ड, त्यावर रॅमच्या पट्ट्या, कोपऱ्यात हार्ड डिस्क, आणि उरलेला सगळा मोकळा पसारा. डब्याचं आकारमान तीस-पस्तीस लिटर आणि त्यात खरं डोकं चालवणारा सिलिकनचा तुकडा जेमतेम नखाएवढा.

ही हवा फुकट जागा अडवून बसलेली नव्हती. तिला काम होतं आणि ते होतं उष्णता वाहून नेण्याचं. कॉम्प्युटर लहान झाले याची गोष्ट लोक 'भाग लहान झाले' अशी सांगतात. ती अर्धीच गोष्ट आहे. भाग केव्हाच लहान होते, डबा मात्र तापाच्या धाकानं मोठा राहिला होता. ताप कमी झाला आणि डब्यातली हवा काढून टाकता आली.

२०१२ साली लेनोवोनं कार्यालयांसाठी 'थिंकसेंटर एम९२पी टायनी' नावाचं यंत्र काढलं. त्याची मापं साधारण १७९ बाय १८३ बाय ३५ मिलिमीटर. गुणाकार करा, एक लिटरच्या किंचित वर येईल. पाठोपाठ डेलनं 'मायक्रो' आणि एचपीनं 'मिनी' आणले, तेही त्याच मापाचे. तेव्हापासून या धंद्यात अशा यंत्रांना एक लिटरचे कॉम्प्युटर म्हणण्याची पद्धतच पडली. तीस लिटरचं काम एका लिटरात, आणि तेही घरातल्या सॉकेटवर न कुरकुरता चालणारं.

आता हे यंत्र जालना-भोकरदन रस्त्यावरच्या, पूर्णाकाठच्या केदारखेड्यातल्या एखाद्या घरात ठेवून बघू. घरात बारावीचं एखादं लेकरू, महाडीबीटीचे अर्ज, डिजिटल सातबारा, पीकविम्याची कागदपत्रं, थोडा हिशोब, थोडं यूट्यूब. खिशात पंधरा-वीस हजार. दुकानदार विचारतो, "आय थ्री पाहिजे का आय फाईव्ह?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न मे महिन्याचा आहे, दुसरा लाईटचा आणि तिसरा कापसाचा. कापसाचा कसा, तेही पुढे येईल.

आधी ताप. कॉम्प्युटरमध्ये जाणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. मिक्सरमध्ये काही वीज चटणी वाटण्यात खर्ची पडते, पंख्यात वारा ढकलण्यात. प्रोसेसर मात्र काहीही हलवत नाही. तो गणित करतो, आणि गणिताला वजन नसतं. पासष्ट वॅट आत गेले की पासष्ट वॅटची ऊब बाहेर पडणारच.

ही ऊब निघते कुठून? प्रोसेसरमध्ये कोट्यवधी सूक्ष्म स्विच असतात, ट्रान्झिस्टर. प्रत्येक स्विच चालू-बंद होताना विद्युतभाराचा एक अतिसूक्ष्म साठा भरतो आणि रिकामा होतो. एका वेळेला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर ठरते. हा 'वर्ग' शब्द सगळ्यात महत्त्वाचा. जुन्या चिप पाच व्होल्टवर चालत, आजच्या साधारण एक व्होल्टवर. म्हणजे केवळ व्होल्टेज घटल्यामुळे एका चालू-बंदची किंमत पंचविसाव्या हिश्शावर आली. शिवाय ट्रान्झिस्टर लहान झाला तसा तो साठाही लहान झाला. १९७१ साली इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरवर, ४००४वर, सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. ॲपलच्या एम४ चिपवर २,८०० कोटी आहेत. ४००४च्या भावानं वीज खाल्ली असती तर एम४ चालवायला घराची वायरिंग पुरली नसती.

मधल्या काळात मात्र कंपन्यांनी या सवलतीची पार उधळपट्टी केली. जितके जास्त गिगाहर्ट्झ तितकी जाहिरात मोठी. २००४च्या सुमाराला पेंटियम ४ची काही मॉडेलं शंभर वॅटच्या पलीकडे गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलनं चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत सोडून दिला. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि व्होल्टेजचा तर वर्ग होतो. भिंत तिथेच होती. मग उलट्या वाटेनं विचार सुरू झाला: वेग थोडा आवरा, एका मेंदूऐवजी दोन-चार बसवा, लॅपटॉपसाठी शिकलेली काटकसर टेबलावरच्या यंत्रात आणा. जानेवारी २००५मध्ये ॲपलचा पहिला मॅक मिनी आला, साडेसहा इंची चौकोन आणि दोन इंच उंची. लोकांना ते खेळणं वाटलं होतं.

काटकसरीचं सगळ्यात गंमतशीर उदाहरण इंटेलच्या नावांत दडलेलं आहे. आय५-८५०० आणि आय५-८५००टी हे दोन प्रोसेसर मुळात एकाच घडणीचे. सहाच्या सहा मेंदू दोघांनाही. पहिल्याला पासष्ट वॅटची मुभा आहे, दुसऱ्याला पस्तीस वॅटची. वीज जवळपास निम्मी केली म्हणून काम निम्मं होत नाही, कारण शेवटचे थोडे गिगाहर्ट्झच सगळ्यात महाग असतात. त्या 'टी' अक्षरामुळे एक लिटरचा डबा शक्य झाला. जाहिरातीत मात्र ते अक्षर कुणी ठळक छापत नाही.

त्याहून पुढची पायरी म्हणजे २०२३च्या सुरुवातीला आलेला इंटेलचा एन१००. चार मेंदू, आणि कंपनीनं ठरवलेली आधारभूत वीजमर्यादा सहा वॅट. सरकारी उजाला योजनेतला एलईडी बल्ब नऊ वॅटचा असतो. प्रत्यक्षात जोर लागला की एन१०० सहाच्या वर जातो आणि यंत्रातले बाकीचे भागही आपापला वाटा घेतात, तरीही नुसता चालू ठेवलेला असा आख्खा कॉम्प्युटर दहा वॅटच्या आसपास बसतो.

इथे पुण्याची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिका प्रगत महासंगणक द्यायला तयार नव्हती, म्हणून १९८८ साली पुण्यात सीडॅक या संस्थेची स्थापना झाली. तिचं नेतृत्व होतं अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावात जन्मलेल्या विजय भटकरांकडे. १९९१ साली परम ८००० तयार झाला. एकाच भल्यामोठ्या प्रोसेसरऐवजी अनेक लहान ट्रान्सप्युटर चिप एकमेकींना जोडायच्या, ही त्याची युक्ती. २५६ चिप जोडल्या तर कागदोपत्री सेकंदाला एक अब्ज गणितं, प्रत्यक्ष कामात त्याहून बरीच कमी. बल्बाएवढी वीज खाणारा एन१०० कागदोपत्री त्याच्या कित्येक पट पुढे आहे. आणि त्याची युक्ती तीच, कामाची वाटणी अनेक लहान मेंदूंत. परमवर देशाच्या मोठ्या वैज्ञानिक संस्थांनी काम केलं. आपल्या घरी तीच ताकद पीकविम्याची पीडीएफ उघडायला वापरली जाते, आणि ती उघडायलाही कधीकधी वेळ लागतो. तो दोष बहुतेक वेळा वेबसाइटचा असतो.

आता मे महिना. प्रोसेसर साधारण शंभर अंश सेल्सिअसला स्वतःहून वेग कमी करतो, जळू नये म्हणून. युरोपातल्या वीस अंशांच्या खोलीत त्याला ऐंशी अंशांची उसंत मिळते. जालना जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून वर. म्हणजे तेच यंत्र, तेच मॉडेल, पण उसंत पंचावन्न-साठ अंशांचीच. उष्णता वाहण्याचा वेग या फरकावरच अवलंबून असतो, त्यामुळे परदेशी चाचण्यांत 'शांत आणि गार' ठरलेलं यंत्र आपल्याकडे दुपारी पंखा घरघरवत बसू शकतं. म्हणून आपल्याकडे कमी वॅटचा प्रोसेसर घेणं ही काटकसर नाही, तो हवामानाचा हिशोब आहे. पंखाच नसलेली मिनी यंत्रंही मिळतात, आवाज शून्य. पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत ती छान. पत्र्याखाली नकोत.

उष्णता चिपपासून पंख्याजवळच्या पात्यांपर्यंत जाते कशी, हेही बघण्यासारखं आहे. लॅपटॉपांत आणि काही मिनी यंत्रांत तांब्याची एक चपटी नळी असते, हीट पाइप. ती भरीव नसते. आतली हवा काढून टाकून तिच्यात थोडंसं पाणी बंद केलेलं असतं. हवेचा दाब नसल्यामुळे हे पाणी शंभर अंशांची वाट बघत नाही, कोमट असतानाच उकळतं. चिपकडच्या टोकाला वाफ होते, थंड टोकाला जाऊन ती पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या खरबरीत अस्तरातून झिरपत परत येते. पंप नाही, हलणारा भाग नाही. भरीव तांब्याच्या कितीतरी पट वेगानं ही नळी उष्णता पलीकडे पोचवते.

आणि कापूस. आमच्या भागात भाव चढेल या आशेनं कित्येक घरांत कापूस महिनोन्‌महिने खोलीतच रचून ठेवतात. त्याची पुसटशी तूस हवेत सतत तरंगते, आणि मिनी कॉम्प्युटरचा पंखा ती इमानेइतबारे ओढून बारीक पात्यांमध्ये गच्च बसवतो. मोठ्या डब्यात पातळ थर बसला तरी हवेला वाट सापडते. एका लिटरात वाटच एक असते. तेव्हा यंत्र घेताना वरचं झाकण एखाद-दुसऱ्या स्क्रूनं सुटतं का, हे बघा. कार्यालयांसाठी बनवलेल्या टायनी-मायक्रो-मिनींत ते सहज निघतं, कारण तिथे शेकडो यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाचा वेळ महाग असतो. बोंडाच्या हंगामानंतर झाकण काढून, पंख्याला बोटानं धरून ठेवून ब्रश किंवा फुंकणी मारली की झालं. बोट लावायचं विसरू नका. फुंकणीच्या जोरानं पंखा उलटा गरगरला तर तोच बिघडतो.

लाईटचा प्रश्न याहून रोजचा. मिनी कॉम्प्युटरला लॅपटॉपसारखी बॅटरी नसते. लाईट गेली की गेला. ज्या घरात इन्व्हर्टर नाही, घ्यायचाही नाही आणि भारनियमन नेमकं अभ्यासाच्या वेळी होतं, त्या घरानं सरळ लॅपटॉप घ्यावा. मिनीचं कितीही कौतुक केलं तरी हे खरं आहे. पण इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल, तर मिनीसारखा पाहुणा नाही. साधा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. त्यात बहुधा बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-तास. जुना डबा आणि मॉनिटर मिळून सव्वाशे वॅट ओढतात, तेव्हा तो यूपीएस फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरताच पुरतो. मिनी पंधरा आणि मॉनिटर वीस, एकूण पस्तीस वॅट. गळती आणि बॅटरीचं वय धरूनही तासाभराची आशा ठेवता येते. घरातला मोठा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' बाजूला आहे का, तेवढं बघा. दुसऱ्या बाजूला असलं तर लाईट जाताना जो क्षणाचा खंड पडतो, त्यात पंख्याला काही कळत नाही, कॉम्प्युटर मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

बिलाचंही बघू. शंभर वॅटचा डबा रोज पाच तास चालला तर महिन्याला पंधरा युनिट. पंधरा वॅटचा मिनी तेवढाच चालला तर सव्वादोन. महावितरणच्या शंभर युनिटांच्या पहिल्या टप्प्यात कसंबसं मावणाऱ्या घराला हा बारा-तेरा युनिटांचा फरक नुसता बारा-तेरा युनिटांचा राहत नाही, टप्पा ओलांडला की वरच्या युनिटांचा दरच बदलतो.

या मिनीसोबत येणारा काळा ॲडॉप्टर हाताच्या तळव्यावर मावतो. पूर्वीच्या रेडिओच्या ॲडॉप्टरमध्ये लोखंडी ट्रान्सफॉर्मर असे, वजनदार आणि गरम. पासष्ट वॅटसाठी तसा ट्रान्सफॉर्मर करायचा तर किलोभर लोखंड-तांबं लागलं असतं. आजचा ॲडॉप्टर करतो काय, तर भिंतीतल्या विजेचे सेकंदाला पन्नास हजारांहून अधिक तुकडे पाडतो आणि मगच ती ट्रान्सफॉर्मरमधून पुढे देतो. सेकंदाला पन्नास फेऱ्यांत जेवढी ऊर्जा पोचवायची, तेवढीच हजारो फेऱ्यांत पोचवली तर एका फेरीला वाटा अगदी लहान, आणि तो उचलायला गाभाही लहान पुरतो. हे तुकडे गरजेप्रमाणे कमी-जास्त रुंद पाडता येतात, म्हणून बहुतेक ॲडॉप्टरांवर '१०० ते २४० व्होल्ट' असं छापलेलं दिसतं. संध्याकाळी सगळ्या गल्लीत व्होल्टेज पडून ट्यूबलाइट फडफडत असते तेव्हाही मिनी निवांत चालतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतल्या इंडक्शन भट्ट्याही याच घराण्यातल्या. तिथेही पन्नास हर्ट्झची वीज आधी काहीशे हर्ट्झची केली जाते, मग तिच्या चुंबकीय क्षेत्रात भंगार लोखंड विस्तवाशिवाय वितळतं. एका टोकाला सळई, दुसऱ्या टोकाला बारावीच्या नोट्स काढणारं यंत्र, आणि मधे वारंवारता बदलण्याचा एकच खटाटोप.

भंगाराचा विषय निघालाच आहे, तर स्वस्तातलं खरं रहस्य तिथेच आहे. मोठ्या कंपन्या आपले कॉम्प्युटर तीन ते पाच वर्षांनी एकगठ्ठा बदलतात. बिघडतात म्हणून नव्हे, वॉरंटी किंवा भाडेकरार संपतो म्हणून. त्या गठ्ठ्यांतले टायनी, मायक्रो, मिनी दिल्लीच्या नेहरू प्लेसपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंतच्या दुकानांत साफसूफ होऊन 'रिफर्बिश्ड' म्हणून परत विकायला येतात. मध्यम बजेटच्या घरासाठी मी डोळे झाकून याच गठ्ठ्याकडे जाईन. पण यंत्र निवडताना मात्र डोळे उघडे हवेत.

पहिली अट पिढीची. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. टेबलावरच्या कॉम्प्युटरांत आठवी पिढी २०१७च्या ऑक्टोबरपासून येऊ लागली. प्रोसेसरच्या नावातला आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा म्हणजे पिढी; दहाव्या पिढीपासून पहिले दोन. आय५-८५००टी आठव्या पिढीचा, आय७-६७००टी सहाव्या पिढीचा. 'आय सेव्हन आहे साहेब' असं म्हणून सहाव्या पिढीचा माल गळ्यात मारणारे दुकानदार नेमके याच आकड्यावर अंगठा ठेवतात. विंडोज १०च्या त्या तारखेमुळेच बाजारात सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं फार स्वस्त झाली आहेत. घरात कुणी लिनक्स वापरणारं असेल तर ती घ्यायला हरकत नाही, त्यांची आणखी बरीच वर्षं शिल्लक आहेत.

दुकानात उभं असताना यंत्र चालू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरा. तिथे पासवर्ड मागितला तर ते यंत्र कितीही स्वस्त असो, परत ठेवा. जुन्या कंपनीचं कुलूप आहे ते, आणि काढणं दर वेळी शक्य नसतं. ॲडॉप्टर त्याच कंपनीचा मागा. डेलच्या यंत्रांत मधली बारीक पिन ॲडॉप्टरची ओळख विचारते. ओळख पटली नाही तर प्रोसेसर मुद्दाम मंद चालवला जातो, आणि घरी आणल्यावर बिचाऱ्या प्रोसेसरला शिव्या बसतात. वाय-फाय आहे का, हेही विचारा. कार्यालयांत जाळं तारेचं असतं, त्यामुळे पुष्कळ यंत्रांत वाय-फायचं कार्ड किंवा अँटेना नसतेच. नसलं तरी अडत नाही. मोबाइल यूएसबीच्या तारेनं जोडून त्याचं टेदरिंग चालू केलं की मोबाइलचंच नेट कॉम्प्युटरला मिळतं, वर मोबाइल चार्जही होतो.

नवाकोरा एन१००चा डबा घ्यावा की हे जुनं? एका वेळच्या एका कामात एन१०० आणि आय५-८५००टी जवळजवळ बरोबरीनं चालतात. अनेक कामं एकदम आली की सहा मेंदूंचा जुना पुढे जातो. नव्याला वीज कमी लागते, आणि यूट्यूबवर वाढत चाललेली एव्ही१ नावाची व्हिडिओची नवी पद्धत तो स्वतःच्या खास भागात उलगडतो; जुना ते काम घाम गाळून करतो किंवा आधीच्या पद्धतीचा व्हिडिओ मागून घेतो. पण अनोळखी नावाच्या डब्यांत दुरुस्ती कोण करणार, सुटा भाग कुठे मिळणार, आतलं विंडोज खरं का, हे प्रश्न उरतात. डेल-एचपी-लेनोवोचा पंखा किंवा ॲडॉप्टर पाच वर्षांनीही कुठेतरी सापडतो. रास्पबेरी पायची ओढ मला समजते. २०१२ साली पस्तीस डॉलरला आलेल्या त्या पत्त्याच्या कॅटएवढ्या बोर्डानं जगभरातल्या पोरांना वेड लावलं. पण घरच्या पहिल्या कॉम्प्युटरसाठी तो नको. डबा, ॲडॉप्टर, साठवणूक वेगळी घेत गेलं की स्वस्ताई संपते. दुसऱ्या टोकाला एम४ मॅक मिनी, १२.७ सेंटिमीटरचा चौकोन, २०२४च्या अखेरीला आला तेव्हा ५९,९०० रुपये. यंत्र अफलातून. आपल्या खिशाबाहेरचं, म्हणून इथेच सोडू.

प्रोसेसरवर इतकं बोललो, पण घरात जो 'कॉम्प्युटर हँग होतो' तो बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे नव्हे, डिस्कमुळे. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० वेळा फिरते. म्हणजे एका फेरीला आठ मिलिसेकंदांच्या वर. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, वर सुई सरकायचा वेळ. हिशोब केला तर वेगवेगळ्या ठिकाणच्या फाईली सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच उचलता येतात. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाईली मागतं. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये काही फिरतच नाही, ती हजारोंनी देते. तिचं आतलं काम तर विश्वास न बसण्यासारखं आहे. चहूबाजूंनी निरोधकानं वेढलेल्या सूक्ष्म कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे. कप्प्याला दार नाही. व्होल्टेज वाढवलं की इलेक्ट्रॉन भिंत न फोडता भिंतीपलीकडे अवतरतात. पुंज-भौतिकीतली ही 'टनेलिंग' नावाची करामत सुमारे शंभर वर्षांपूर्वी फक्त कागदावर होती. आज तीन बिटांच्या एसएसडीत एका कप्प्यातल्या इलेक्ट्रॉनांचं प्रमाण आठ पायऱ्यांत मोजून माहिती वाचली जाते. आणि हे सगळं ज्या पट्टीवर, तिचं माप तिच्या नावातच: २२८० म्हणजे बावीस मिलिमीटर रुंद, ऐंशी मिलिमीटर लांब. जुना मिनी घेताना २५६ जीबीची एसएसडी नवी टाकून घ्या. यात घासाघीस करू नका.

रॅम आठ जीबी ही किमान पायरी, सोळा असली तर पाच-सात वर्षं बघायला नको. आठ म्हणजे किती? 'केदारखेडा' हे नाव युनिकोडमध्ये नऊ चिन्हांचं आहे, क, े, द, ा, र, ख, े, ड, ा. प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणून सत्तावीस बाइट. आठ जीबीत हे नाव तीस कोटींहून जास्त वेळा मावेल. तेवढी जागा ब्राउझर मात्र पंचवीस-तीस टॅबमध्ये फस्त करतो. २०२५च्या अखेरीपासून जगभर रॅमचे भाव चढले आहेत, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची भूक त्यामागे आहे. म्हणून 'आठ आत्ता, आठ नंतर' हा जुना सल्ला तूर्त गैरसोयीचा झालाय. आधीच सोळा असलेलं यंत्र थोडं महाग मिळालं तरी परवडतं.

पडद्याचं मात्र कुणी सांगत नाही. घरात बत्तीस इंची टीव्ही आहे, एचडीएमआयची तार लावली की झालं, असं वाटतं. बत्तीस इंची 'एचडी रेडी' टीव्हीवर बहुधा १३६६ बाय ७६८ ठिपके असतात, म्हणजे इंचाला एकोणपन्नास. बावीस इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला शंभर. इंग्रजी अक्षरं एकोणपन्नासातही कशीबशी वाचता येतात. देवनागरीत शिरोरेघेच्या वर अनुस्वार, रफार, वेलांट्या, मात्रा आणि खाली उकार, सगळी गर्दी त्याच ठिपक्यांत. 'र्थ' आणि 'थें' यांत फरक करायला ठिपकेच उरत नाहीत, आणि रात्रभर वाचणाऱ्या पोराचे डोळे दुखतात. सिनेमासाठी टीव्ही लावा. अभ्यासासाठी बावीस इंची मॉनिटर घ्या, जुना चालेल. फक्त त्याच्या मागची खाच आणि मिनीची खाच जुळते का बघा. कार्यालयी मिनींना बहुधा डिस्प्लेपोर्ट असतो, जुन्या मॉनिटरला व्हीजीए. मधला बदलक शे-पाचशेत मिळतो. मॉनिटरच्या पाठीवर १०० मिलिमीटरच्या चौकोनात चार भोकं दिसली तर मिनी तिथेच मागे बसवता येतो, आणि मग टेबलावर कॉम्प्युटर म्हणून काही दिसतच नाही.

मग उरतो कीबोर्ड. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट मांडणी आधीपासून असते, फक्त सेटिंगमध्ये जाऊन निवडायची. तिचा पाया १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं घातला: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. इंग्रजी 'के'च्या कळीवर 'क', शिफ्ट दाबून त्याच कळीवर 'ख'. बाराखडी पाठ असलेल्या पोराला ती आठवडाभरात हाताला बसते, आणि हीच मांडणी हिंदीपासून तमिळपर्यंत बहुतेक भारतीय लिप्यांना त्याच कळींवर चालते. कळींवर चिकटवायचे देवनागरी स्टिकर कॉम्प्युटरच्या दुकानात मागून घ्या; या सगळ्या खरेदीत सगळ्यात स्वस्त वस्तू तीच असेल.